बिऱ्हाड पाठीवर घेऊन मुलाकडे

वृद्ध आईबापांनी दूर मुलखात संसार थाटलेल्या मुलांकडे कोणत्या अधिकाराने जावे आणि किती दिवस राहावे, हा प्रश्न आपल्या मध्यमवर्गात गेल्या दोन पिढ्या घरोघर उभा राहत आला आहे; पण त्याचे उत्तर आपण विमानाचे तिकीट आणि सहा महिन्यांचा व्हिसा या दोन कागदांपलीकडे फारसे शोधलेले नाही. आईबाप जातात, मुले मनापासून त्यांचे करतात, नातवंडे आपली खोली रिकामी करून देतात, आणि तरीही महिना उलटतो न उलटतो तोच, ज्याचा दोष कोणाच्याही माथी मारता येऊ नये असे एक अवघडलेपण त्या घरात येऊन बसते. कारण ज्यांनी चाळीस वर्षे आपला संसार आपल्या शिस्तीने चालवला, त्यांना आता साखरेचा डबा कोठे आहे हे विचारून चहा करावा लागतो, आणि भाजी आणायला जायचे तरी मुलाच्या सुट्टीची वाट पाहावी लागते. माझे मत असे आहे की, उतारवयात माणसाने मुलांकडे अवश्य जावे, वारंवार जावे, परंतु जाताना आपली चूल, आपले अंथरूण आणि आपली दिनचर्या यांवरील हक्क उंबरठ्याबाहेर ठेवून जाऊ नये; आणि त्याला तसे जाता यावे असा बंदोबस्त वाटेवर आणि मुक्कामाच्या ठिकाणी करून ठेवणे, हे समाजाचे व सरकारचे कर्तव्य मानले पाहिजे.

हे मत घरबसल्या बनलेले नाही. माझे मावसभाऊ आणि त्यांच्या पत्नी, ज्यांना मी आयुष्यभर दादा आणि वहिनी म्हणत आलो, हे १९६५ च्या कायद्याने अमेरिकेने आशियातील शिकलेल्या मंडळींना दार उघडल्यावर तिकडे गेलेल्या मराठी पिढीचे. दादांनी पुण्यात स्थापत्यशास्त्राची पदवी घेतली, न्यू जर्सीत नोकरी केली, तेथेच ते निवृत्त झाले; आणि त्या पिढीच्या कित्येक घरांत घडले तेच त्यांच्याही घरी घडले, म्हणजे मुलगा शिकून पश्चिमेला गेला आणि कॅलिफोर्नियात, सॅक्रामेंटोच्या परिसरात, स्थायिक झाला. स्वतः सात समुद्र ओलांडून त्यांनी आपल्या आईबापांपासून जे अंतर निर्माण केले होते, त्याहून लहान, पण नित्याच्या व्यवहारात तितकेच दुर्लंघ्य असे अंतर आता त्यांच्या आणि मुलाच्या मध्ये पडले. विमानाने ते सहा तासांचे. नातीची शाळा संपण्याचा समारंभ जूनमध्ये होता. आणि या खेपेस विमानाने न जाता, तिकडे ज्याला आर.व्ही. म्हणतात असे एक मोटारघर घेऊन, मजल दरमजल करीत जावयाचे, असे या पंचाहत्तरीच्या जोडप्याने ठरविले. मी त्या सुमारास त्यांच्याकडेच होतो, आणि मे महिन्यात त्यांच्याबरोबर निघालो.

ज्या रस्त्याने आम्ही गेलो तो 'आय-८०' हा महामार्ग न्यू जर्सीतून निघून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत सुमारे २,९०० मैल, म्हणजे साडेचार हजार किलोमीटरांहून अधिक जातो. मुंबई-दिल्ली अंतराच्या तिपटीहून जास्त. या रस्त्यामागे एका माणसाची जुनी आठवण आहे. १९१९ साली अमेरिकन सैन्याच्या मोटारींचा एक काफिला वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला निघाला, त्याला चिखल, वाळू आणि मोडके पूल यांतून वाट काढीत पोहोचण्यास ६२ दिवस लागले, आणि त्या काफिल्यात ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा तरुण अधिकारी होता; तोच पुढे राष्ट्राध्यक्ष झाला आणि १९५६ साली त्याने ४१,००० मैलांच्या महामार्गजाळ्याच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. नेब्रास्का राज्यात हा रस्ता प्लॅट नदीच्या खोऱ्यातून जातो, आणि त्या एकाच खोऱ्यातून, थोड्या थोड्या अंतराने, ऑरेगॉन व कॅलिफोर्निया या दिशांना गेलेल्या बैलगाड्यांच्या वाटा, मॉर्मन पंथीयांची वाट, घोड्यांवरून जाणारी टपाल आणि १८६९ मध्ये यूटातील प्रोमॉन्टरी येथे दोन्ही बाजूंनी येऊन जोडला गेलेला लोहमार्ग, असे सर्व गेलेले आहेत. नदीने सपाट वाट करून दिली की पिढ्यान्‌पिढ्या माणसे तिलाच धरून चालतात. त्या वाटेवर मूळची वसती पॉनी, शायेन, अरापाहो, शोशोनी आणि पायूट लोकांची होती, आणि १८६२ च्या कायद्याने नव्या वसाहतवाल्यांना दरडोई १६० एकरांच्या ज्या सनदा मिळाल्या त्या ज्यांच्या जमिनीच्या होत्या त्यांना विचारून दिलेल्या नव्हत्या, ही गोष्ट त्या रस्त्याचे कौतुक करताना विसरता कामा नये.

त्याच नेब्रास्कात कोझाड नावाचे एक लहान गाव आहे, आणि तेथे शंभरावे पश्चिम रेखांश दर्शविणारा फलक लावलेला आहे. भूशास्त्रज्ञ जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७८ च्या आपल्या अहवालात सरकारला बजावून सांगितले होते की, या रेषेच्या आसपास वार्षिक पाऊस वीस इंचांच्या खाली उतरतो आणि तिच्या पश्चिमेस पाटपाण्यावाचून शेती भरवशाची नाही. वीस इंच म्हणजे सुमारे ५०० मिलिमीटर, साधारण आपल्या माण-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्याइतका. विमानातून हा फरक कोणाच्या लक्षातही येत नाही. जमिनीवरून जाताना मात्र आयोवातील मक्याची शेते, मग विरळ कुरणे, मग नुसते खुरटे झुडूप, असा देश डोळ्यांसमोर वाळत जातो, आणि आपला मुलगा कोठे जाऊन राहिला आहे, त्याच्या आणि आपल्या मध्ये काय काय आहे, हे आईबापांना प्रथमच उमगते. दादा तिकडे पन्नास वर्षे राहिलेले. पण ''पोरगा एवढा लांब गेलाय हे मला आज कळतंय,'' असे ते कोझाडच्या त्या फलकापाशी उभे राहून बोलले. शिवाय वाटेत चार कालविभाग लागतात आणि घड्याळ एकेक तासाने मागे जाते. विमानात हे तीन तास एकदम अंगावर येतात, येथे ते इतके हळूहळू आले की वहिनींची झोप एका रात्रीपुरतीही बिघडली नाही.

या मोटारघरात काय असते, हे जरा जवळून सांगितले पाहिजे, कारण माझ्या म्हणण्याचे मर्म तेथेच आहे. मालमोटारीच्या सांगाड्यावर बांधलेले चोवीस फुटांचे ते घर. चालकाच्या डोक्यावर माळ्यासारखी एक झोपण्याची जागा, मागे पलंग, मध्ये गॅसच्या दोन-तीन चुली, मोरी, शीतकपाट आणि न्हाणी. प्रत्येक कपाटाला खिटी, कारण एक खिटी जरी विसरली तरी पहिल्या वळणावर डाळीचा डबा जमिनीवर. वहिनींनी पहिल्याच दिवशी मिसळणाचा डबा, कुकर, पोळपाट-लाटणे आणि देवांची लहानशी पेटी यांच्या जागा ठरवल्या, आणि नंतर साऱ्या प्रवासात त्या जागा बदलल्या नाहीत. मुक्कामी, म्हणजे अशा गाड्यांसाठी राखलेल्या तळावर, पोहोचल्यावर चाकांखाली लाकडी ठोकळे सरकवून गाडी समतल करावयाची, वीज व पाण्याचे हुकअप जोडावयाचे, आणि मग चहा. मोटारघराने फिरणाऱ्या मंडळींमध्ये एक नियम तोंडी चालतो: दिवसाला तीनशे मैलांहून अधिक नाही, दुपारी तीनच्या आत मुक्कामी, आणि जमल्यास एका ठिकाणी तीन रात्री. दादांनी त्यातील पहिले दोन भाग कायद्यासारखे पाळले, अंधारात गाडी कधी हाकली नाही, आणि मागे घेण्याची खटपट पडू नये म्हणून ज्या जागेत एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडता येते अशीच जागा ते आधी फोन करून राखून ठेवीत.

आणि एक काम असे की ज्याविषयी सभ्य लेखनात सहसा बोलले जात नाही. गाडीच्या पोटाखाली सांडपाण्याच्या दोन टाक्या असतात, एक मोरी व न्हाणीच्या पाण्याची ग्रे टँक, दुसरी शौचालयाची ब्लॅक टँक. आणि दर दोन-तीन दिवसांनी डंप स्टेशनवर जाऊन त्या आपल्या हाताने रिकाम्या कराव्या लागतात. दादा रबरी हातमोजे चढवीत, जाड नळी गाडीला व जमिनीतल्या तोंडाला घट्ट बसवीत, आधी ब्लॅक टँकची झडप उघडीत आणि ती रिकामी झाल्यावर ग्रे टँकची, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आतून धुऊन निघते. मग नळी झटकून, तोंडे लावून, जागा पाण्याने स्वच्छ करून, पुढच्या गाडीसाठी ती मोकळी करीत. ज्या समाजात हे काम हजारो वर्षे जन्माच्या आधारे दुसऱ्याच्या माथी मारले गेले, त्या समाजात वाढलेला एक पांढरपेशा वृद्ध ते काम कोणत्याही संकोचाशिवाय, चार लोकांच्या देखत, स्वतःचे म्हणून करतो, हे दृश्य मला फार मोलाचे वाटले. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी ज्या कामाला आपले आयुष्य वाहिले, ते काम येथे गृहस्थाश्रमाचा एक साधा भाग होऊन गेले आहे. जो आपल्या घराचे पाणी आपण भरतो आणि आपली घाण आपण काढतो, त्याला मुलाच्या दारी गेल्यावर पाहुण्याचे ओशाळेपण वाटण्याचे कारणच उरत नाही.

वायोमिंगमध्ये लॅरामी हे गाव समुद्रसपाटीपासून सात हजार फुटांहून उंच आहे, आणि त्याच्या अलीकडेच या महामार्गाचा सर्वांत उंच घाट, शर्मन समिट, ८,६४० फुटांवर लागतो. मे महिना असूनही तेथे सावलीत बर्फ होते. लॅरामीच्या उंचीवर पाणी सुमारे ९३ अंशांनाच उकळते, म्हणून उघड्या पातेल्यातले वरण दोन तास झाले तरी शिजेना. शेवटी वहिनींनी ते कुकरमध्ये ओतले आणि दोन शिट्ट्या जास्त काढल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी निघण्याची तयारी झाली, तोच लॅरामी ते रॉलिन्स हा टप्पा उंच व हलक्या वाहनांना वाऱ्यामुळे बंद केल्याची सूचना आली. त्या टापूतील वारा प्रसिद्ध आहे; रिकाम्या मालमोटारी तो आडव्या करतो. दादांना पुढे जाण्याची घाई होती, वहिनींना नव्हती.

''अहो, समारंभाला अजून किती दिवस आहेत? बसू की इथं. घर तर बरोबरच आहे,'' असे त्या म्हणाल्या आणि कणीक मळायला बसल्या.

विमान रद्द झाल्यावर विमानतळाच्या खुर्चीत रात्र काढणारी म्हातारी माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची अगतिकता विसरण्यासारखी नाही. येथे तीच अडवणूक होती, परंतु दोघे आपल्या पलंगावर झोपले, आपल्या वेळेला जेवले, आणि शेजारच्या जागेतील एका वृद्ध जोडप्याला वहिनींनी ताज्या पोळ्या नेऊन दिल्या. त्या तळाची देखभाल करणारे गृहस्थ आणि त्यांची पत्नी हेही निवृत्तच; तळावर फुकट जागा घ्यावयाची आणि मोबदल्यात चार-सहा महिने लोकांना जागा दाखवावयाच्या, किल्ल्या सांभाळावयाच्या, अशी कबुलात करून 'कॅम्प होस्ट' म्हणून राहणारी अशी शेकडो जोडपी त्या देशात आहेत. म्हातारपणी माणूस निरुपयोगी होतो, हे गृहीतकच त्या व्यवस्थेने मोडून काढले आहे.

रॉलिन्सच्या पश्चिमेस ग्रेट डिव्हाइड बेसिन नावाचा एक विस्तीर्ण ओसाड प्रदेश लागतो. पर्वताच्या कण्यावर पडलेले पाणी एकतर अटलांटिककडे जावे किंवा पॅसिफिककडे, अशी आपली समजूत. येथे तो कणाच दुभंगून पुन्हा जुळतो, आणि मधल्या खोलगटात पडलेला थेंब कोणत्याच समुद्राला जात नाही, तेथेच जिरतो किंवा वाळतो. पुढे नेवाडात हम्बोल्ट नदीही अशीच. बैलगाड्यांच्या काळात तीनशे मैल तिच्या काठाने माणसे चालली, आणि ती शेवटी लव्हलॉकच्या पुढे मिठागरासारख्या सखल जमिनीत नाहीशी होते. मैलचे मैल एक घर दिसत नाही. नेवाडाची सुमारे ऐंशी टक्के जमीन केंद्र सरकारच्या मालकीची आहे, आणि तिच्यापैकी बऱ्याच भागावर कोणाही प्रवाशाला साधारण १४ दिवसांपर्यंत विनामूल्य तळ ठोकता येतो; अट एवढीच की, आपण आलो होतो याची खूण मागे राहू नये. ६२ वर्षांवरील नागरिकाला किंवा कायम रहिवाशाला ८० डॉलरांत आयुष्यभराचा परवाना मिळतो, तो दाखवला की सर्व राष्ट्रीय उद्यानांत प्रवेश, आणि सरकारी तळांपैकी कित्येक ठिकाणी मुक्कामाचे भाडे निम्मे. आयोवात तर महामार्गाच्या कडेच्या सरकारी विश्रांतिस्थानांपैकी कित्येक ठिकाणी डंप स्टेशनही बांधून ठेवलेले आहे. दादा-वहिनींच्या स्वातंत्र्याचे श्रेय त्यांच्या धैर्याला आहेच, परंतु त्या धैर्याखाली ही सार्वजनिक व्यवस्था पायाच्या दगडासारखी बसवलेली आहे, आणि ती नसती तर तेच धैर्य अविचार ठरले असते.

कॅलिफोर्नियाच्या हद्दीत शिरल्यावर सिएरा नेवाडा पर्वत चढावा लागतो, आणि ज्या खिंडीने तो ओलांडतात तिला डॉनर खिंड हे नाव एका दुर्दैवी काफिल्यावरून पडलेले आहे. १८४६ साली ऐंशीहून अधिक माणसे, त्यांत कितीतरी लेकरे, आडवाटेने गेल्यामुळे उशीर होऊन येथे हिमात अडकली आणि त्यांतील जवळजवळ निम्मी मेली. त्यांच्या स्मारकाचा चौथरा २२ फूट उंच आहे. त्या हिवाळ्यात बर्फ तेवढे चढले होते असे सांगतात. त्या काफिल्याच्या नोंदींतून एक गोष्ट निघाली आहे, ती मला वारंवार आठवते: एकटे आलेले तरणेबांड पुरुष अधिक प्रमाणात मेले, आणि कुटुंबासह असलेले, त्यांत स्त्रियाही, अधिक प्रमाणात वाचले. कोणीतरी आपल्याला भरवणारे आहे आणि आपण कोणाला तरी भरवावयाचे आहे, एवढ्यावर माणसे त्या थंडीत तग धरून राहिली. स्वातंत्र्य हवे म्हणून मुलांपासून दूरच राहावे, असे जे काही मंडळी हल्ली मोठ्या अभिमानाने सांगतात, त्यांच्याशी माझे मुळीच जमत नाही, ते यामुळेच. मुलांपासून सुटका मला नको आहे. मुलांकडे ताठ मानेने जाण्याची सोय हवी आहे.

सॅक्रामेंटोला पोहोचल्यावर मुलाच्या वसाहतीचा नियम असा निघाला की, असे मोटारघर दारात फार काळ उभे करता येत नाही. म्हणून पाच-सहा मैलांवरच्या एका तळावर जागा घेतली, आणि त्यामुळे जी व्यवस्था आपोआप जुळून आली तिच्याहून चांगली व्यवस्था कोणी विचार करूनही सुचवली नसती. सकाळी आपला चहा, पूजा, आंघोळ आपल्या घरी. दहाच्या सुमारास मुलगा किंवा सून येऊन घेऊन जाई. दुपारी नात व आजी यांची गडबड. रात्रीचे जेवण सर्वांचे एकत्र, कधी त्यांच्याकडे, कधी तळावरच्या लाकडी मेजावर. आणि निजावयास पुन्हा आपल्या छपराखाली. सुनेला नोकरी सांभाळून दोन वडीलधाऱ्यांचे पथ्यपाणी पाहण्याचा ताण उरला नाही. ''आई, आज रात्री मी सुट्टी घेते, तुमच्याकडे जेवायला येऊ?'' असे ती विचारी, आणि वहिनी पिठलं-भाताची तयारी करीत. सुनेने सासूला 'तुमच्याकडे येऊ का' असे विचारावे आणि सासूने यजमानीण व्हावे, ही गोष्ट परदेशस्थ मुलांकडे गेलेल्या आपल्या किती आयांच्या वाट्याला येते? नात तर समारंभाच्या आदल्या रात्री चालकाच्या डोक्यावरच्या त्या माळ्यावर झोपायला आली, आणि आजीशी उत्तररात्रीपर्यंत बोलत राहिली. तिच्या स्वतःच्या घरात, बंद दारांच्या खोल्यांत, ते बोलणे झाले असते असे मला वाटत नाही.

यावर काही रास्त हरकती आहेत. असे वाहन लिटरमागे जेमतेम सव्वाचार किलोमीटर जाते, म्हणजे एका बाजूच्या प्रवासाला हजार लिटरांहून अधिक पेट्रोल जळते. दोन माणसांच्या विमानप्रवासाशी तुलना केली तर हा हिशेब मोटारघराच्या विरुद्धच जातो, आणि हवेची आजची अवस्था पाहता तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. खर्चही लहान नाही. दृष्टी किंवा हातपाय साथ देत नसतील तर हा मार्ग बंदच. म्हणून महाराष्ट्रातील निवृत्तांनी उद्या उठून मोटारघरे विकत घ्यावीत, असे मी म्हणत नाही. आपल्या राज्य शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, ते हौशी पर्यटकांसाठी आहे आणि त्यात वाईट काही नाही. परंतु माझा विषय पर्यटनाचा नव्हे, लेकराकडे जाणाऱ्या म्हाताऱ्यांचा आहे, आणि त्यांचा प्रश्न कोणत्याही पर्यटन धोरणाच्या कक्षेत बसलेला नाही.

कारण पश्चिमेस गेलेली मुले अमेरिकेतच आहेत असे नाही. यवतमाळ, वाशीम, नांदेड, लातूर येथील मुले पुण्या-मुंबईस गेली, आणि त्यांचे आईबाप दिवाळीला, बाळंतपणाला, दुखण्याखुपण्याला पश्चिमेची वाट धरतात. समृद्धी महामार्गाने नागपूर-मुंबई हे ७०१ किलोमीटरांचे अंतर आठ तासांवर आणले, ही मोठीच गोष्ट झाली. परंतु त्या प्रवासात सत्तरीच्या बाईला काय सोसावे लागते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना माझे म्हणणे पटेल. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने जावयाचे असेल तर या बाया दुपारपासून पाणी पिणे बंद करतात, कारण गाडी कोठे थांबेल, तेथे स्वच्छतागृह असेल की नाही, आणि चालकाला थांबवण्यास सांगितले तर तो काय म्हणेल, याची खात्री कोणीच देत नाही. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या शरीराला तहानेची ही शिक्षा आपण वर्षानुवर्षे देत आलो आहोत, आणि ती शिक्षा आहे असेही आपल्याला वाटत नाही.

याला उपाय अवघड नाहीत, आणि त्यांतील बरेचसे आपल्या दप्तरी पडून आहेत. सार्वजनिक बांधकाम खात्याची विश्रामगृहे तालुक्या-तालुक्याला आहेत; साहेबाच्या काळापासून ती दौऱ्यावरील अंमलदारांसाठी राखलेली असली, तरी अंमलदार तेथे वर्षातून किती रात्री असतात? त्यांतील दोन खोल्या ज्येष्ठांसाठी माफक भाड्याने, टेलिफोनवर आगाऊ राखता येतील अशा खुल्या केल्या, तर लांबचा प्रवास दोन दिवसांत विभागून, दिवसाउजेडी, मधे एक रात्र नीट झोपून करता येईल; अहिल्याबाईंनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या तेव्हा हाच विचार केला होता. पुण्याच्या भोवताली शेकडो सदनिकांची जी संकुले उभी राहत आहेत, त्यांत पोहण्याचा तलाव आणि व्यायामशाळा असतातच. तेथेच तळमजल्यावर एक चूल, एक न्हाणी आणि एक खोली अशी चार-सहा लहान बिऱ्हाडे रहिवाशांच्या आईबापांसाठी ठेवण्याची अट बांधकामाच्या परवान्यात घातली, तर आईला मुलाजवळ राहूनही आपल्या हाताने आपला स्वयंपाक करता येईल, आणि सुनेला सासू येणार म्हणून दिवाणखान्यात गाद्या घालाव्या लागणार नाहीत. दोन खोल्यांच्या घरात तिसरी पिढी सामावून घेताना किती प्रेमळ माणसे एकमेकांना नकोशी होतात, हे मी माझ्याच आप्तांत पाहिले आहे.

राहिला प्रवासखर्च. एस.टी.ने ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास दिला, आणि खेड्यापाड्यांतील म्हाताऱ्यांनी त्याचा जो उपयोग केला तो आपण सर्वच पाहत आहोत. रेल्वेने मात्र उलट केले. ६० वर्षांवरील पुरुषांना ४० टक्के आणि ५८ वर्षांवरील स्त्रियांना ५० टक्के अशी भाड्यातील सवलत मार्च २०२० मध्ये साथीच्या निमित्ताने काढून घेण्यात आली, आणि साथ ओसरल्यावरही ती परत आली नाही. नांदेडहून मुंबईस किंवा नागपूरहून पुण्यास येणाऱ्या निवृत्तिवेतनधारकाला, आणि त्याहून अधिक ज्यांना निवृत्तिवेतन नाही अशा शेतकरी आईबापांना, ही रक्कम लहान नाही. कित्येकांनी तिच्यामुळे वर्षातल्या दोन खेपांची एक केली आहे. ही सवलत पूर्ववत करावयास नवा कायदा लागत नाही, रेल्वे मंत्रालयाचा एक हुकूम पुरेसा आहे, आणि तो निघावा यासाठी प्रत्येक जिल्ह्यातील ज्येष्ठ नागरिक संघाने आपल्या खासदाराकडे लेखी मागणी करून तिच्या उत्तराचा पाठपुरावा केला पाहिजे.